नागपूरच्या गच्चीवर कॅलेंडुला: बी पेरण्यापासून मलमापर्यंत

कॅलेंडुला हे थंडीचं फूल आहे, आणि नागपुरात थंडी मोजकी असते. पाऊस ओसरल्यापासून मार्चचं ऊन तापेपर्यंत जे चार-साडेचार महिने मिळतात, त्यातच उगवण, फुलं, वाळवण आणि बियाणं सगळं उरकावं लागतं. पेरणीची वेळ साधली तर हे झाड फारसे लाड मागत नाही. बिघडतं ते बहुतेक वेळा ओलाव्यामुळे. कुंडीत पाणी साचतं, फूल आतून ओलं राहतं किंवा मलमासाठी सुकी फुलं मुरवलेल्या तेलात पाण्याचा अंश जातो. खाली प्रत्येक टप्प्यावर हा ओलावा कुठे घुसतो ते सांगितलं आहे.

आधी झाड ओळखा

दसऱ्याच्या तोरणातला झेंडू वेगळा आणि कॅलेंडुला वेगळा. रंग सारखा असल्यामुळे तोरणातली उरलेली फुलं तेलात टाकली जातात. त्यातून कॅलेंडुलाचं तेल होत नाही, शिवाय बाजारच्या फुलांवर फवारणी झालेली असते. ओळख पानावरून पटते. झेंडूचं पान करवती, बारीक पर्णिकांमध्ये विभागलेलं असतं आणि चुरगाळलं की उग्र वास येतो. कॅलेंडुलाचं पान अखंड, लांबट, किंचित लवदार असतं आणि बोटांना चिकट लागतं. बी तर एकदा पाहिल्यावर चुकणारच नाही: झेंडूचं काळं, सरळ, सुईसारखं, शेपटीला फिकट तूस असलेलं, कॅलेंडुलाचं मातकट, खरखरीत आणि आकड्यासारखं वळलेलं. एकाच फुलात काही बिया मोठ्या आकड्याच्या, काही होडीसारख्या, काही जवळजवळ गोल वेटोळ्याच्या निघतात. ती भेसळ नव्हे, या झाडाची रीतच आहे.

जात निवडताना आधी वापर ठरवा. कुंडीत शोभेसाठी ‘बॉन बॉन’ किंवा ‘फिएस्टा गिटाना’ या बुटक्या जाती बऱ्या, फूटभर उंचीत आटोपतात. ‘पॅसिफिक ब्युटी’ दीड-दोन फूट वाढते, देठ लांब असतो आणि फुलदाणीत छान दिसते. तेल-मलमासाठीच लावायचं असेल आणि बी मिळालं तर ‘रेझिना’ घ्या. फूल तसं साधं, पण चिकट राळ भरपूर, आणि औषधी वापरात या राळेला मोल आहे. ती मुख्यतः फुलाखालच्या हिरव्या वाटीत असते. हे लक्षात ठेवा, पुढे तोडणी आणि वाळवण दोन्ही त्यावरच ठरतात.

पेरणी: कोजागिरी ते दिवाळी

सप्टेंबरच्या शेवटी पेरलेलं बी उगवतं, पण त्या दिवसांची दमट हवा आणि मधूनच येणारी सर यांत कोवळी रोपं बुडाशी सडून आडवी होतात. उलट डिसेंबरात पेरलं तर बी आळसावतं आणि फुलं यायच्या वेळेस ऊन चढलेलं असतं. म्हणून पहिली पेरणी साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर आणि दुसरी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करावी. दोन खेपांमुळे फुलांचा हंगाम लांबतो, आणि एखादी खेप मावा किंवा गारपिटीत गेली तरी दुसरी हाताशी राहते. जून-जुलैत पेरायच्या भानगडीत पडू नका. पावसाळी उकाड्यात रोप जगलं तरी धड वाढत नाही.

मातीचं तापमान 15 ते 25 अंशांत असेल तर बी 7 ते 14 दिवसांत उगवतं. 30 च्या वर उगवण झपाट्याने घटते. ऑक्टोबरच्या उन्हात गच्चीवरचा काळा प्लॅस्टिक ट्रे दुपारी सहज त्याहून तापतो, म्हणून उगवेपर्यंत ट्रे व्हरांड्यात किंवा हिरव्या जाळीखाली ठेवा. उगवलं की मात्र लगेच सकाळच्या उन्हात आणा, नाहीतर रोपं लांबुडकी होतात.

बी अंधारात चांगलं रुजतं. वरवर भुरभुरून झारीने पाणी घातलं तर निम्मं उघडं पडतं आणि उगवत नाही. ट्रेच्या प्रत्येक कप्प्यात दोन बिया 1 सेंटिमीटर खोल टाका, वर कोकोपीट आणि गांडूळखताचं समप्रमाणातलं चाळलेलं मिश्रण पसरा आणि हलक्या हाताने दाबा. पाणी फवाऱ्यानेच द्या. मिश्रण मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. मिश्रणात किलोमागे 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) पावडर मिसळली तर रोपं कोलमडण्याचं प्रमाण बरंच घटतं. दोन्ही बिया उगवल्या तर दुबळं रोप कात्रीने कापा. उपटलंत तर शेजारच्याची मुळं दुखावतात.

काळ्या मातीचं काय करायचं

अंगणातली काळी माती तशीच कुंडीत भरणं हे नागपुरात कॅलेंडुला मरण्याचं पहिलं कारण. ही माती ओली झाली की फुगते आणि पाणी धरून बसते, वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग पाणी घातलं की ते कडेच्या फटीतून थेट खाली निघून जातं. वरून कुंडी भिजल्यासारखी वाटते, मधला गोळा कोरडाच असतो.

12 इंची कुंडीसाठी मिश्रण असं करा: 3 भाग काळी किंवा पोयट्याची माती, 3 भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, 2 भाग कोकोपीट, 2 भाग जाड रेती. कन्हान नदीची रेती असेल तर दोनदा धुऊन घ्या आणि बारीक गाळ काढून टाका. रेती थोडीशीच घालून भागत नाही. चिकणमातीत मूठभर रेती मिसळली तर मिश्रण आणखी घट्ट बसतं. कुंडीमागे एक मूठ निंबोळी ढेपही मिसळा. चुलीची किंवा शेगडीची राख टाकू नका. आपली माती आधीच अल्कलीकडे झुकलेली, राखेने ती आणखी झुकते. कॅलेंडुलाला मातीचा सामू (pH) 6 ते 7 च्या आसपास आवडतो.

कुंडीच्या तळाचं भोक खापरीच्या तुकड्याने झाका आणि कुंडी दोन विटांवर ठेवा. गच्चीच्या फरशीला चिकटून ठेवलेल्या कुंडीचं भोक बंद होतं आणि निचरा थांबतो.

लावणी आणि शेंडा खुडणं

रोपाला चार-पाच खरी पानं आली, म्हणजे पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांनी, संध्याकाळी लावणी करा. 12 इंची कुंडीत उंच जातीचं एक किंवा बुटक्या जातीची दोन रोपं पुरे. वाफ्यात दोन रोपांत 25 ते 30 सेंटिमीटर अंतर ठेवा. हे अंतर पहिल्या महिन्यात वायफळ वाटतं, पण जानेवारीत झाडं भरतात तेव्हा मधून वारा खेळला नाही तर पानांवर भुरी धरते.

रोप 12-15 सेंटिमीटरचं झालं की वरचा शेंडा दोन पानांवरून खुडा. पहिली कळी आठ-दहा दिवस मागे पडते, पण बाजूने चार-सहा फांद्या फुटतात आणि एकूण फुलं कितीतरी वाढतात. कळी दिसत असताना खुडायला जीव होत नाही, तरीही खुडाच.

रोज निदान सहा तास थेट ऊन हवं. उत्तरेकडच्या बाल्कनीत झाड हिरवंगार होतं आणि फूल देत नाही. दाट सावली आणि जास्त नत्र, दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो: मोठी मऊ पानं, लांब फांद्या, कळ्या तुरळक. म्हणून युरिया अजिबात नको. लावणीनंतर तीन आठवड्यांनी कुंडीमागे एक मूठ गांडूळखत, पुढे दर तीन आठवड्यांनी तेवढंच.

पाणी डिसेंबर-जानेवारीत दिवसाआड, सकाळी. बोट दोन इंच मातीत घाला. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. द्यायचं तेव्हा तळातून निथळेपर्यंत द्या आणि पानांवर न घालता बुडाशी घाला. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात रोज पाणी लागू लागतं. बोअरचं पाणी देत असाल आणि नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या दिसल्या, तर रोप भुकेलं आहे असं समजून खत वाढवू नका. क्षारांमुळे त्याला मातीतलं लोह घेता येत नाही, ही त्याची खूण. शक्य तर नळाचं पाणी द्या आणि चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) पाकिटावरच्या प्रमाणात एकदा घाला.

कीड आणि रोग

कॅलेंडुलाचा खरा शत्रू मावा. जानेवारीत दोन-तीन दिवस आभाळ आलं की कोवळ्या शेंड्यांवर आणि कळीखालच्या हिरव्या भागावर हिरवे-काळे ठिपके दाटतात. पानं आत वळतात, चिकट होतात, मुंग्या चढू लागतात. मुंग्या दिसल्या की मावा शोधा. सुरुवातीला पाण्याचा जोरदार फवारा सलग तीन सकाळी मारला तरी बराच आवरतो. जास्त असेल तर 1 लिटर कोमट पाण्यात 5 मिलिलिटर निंबोळी तेल आणि 2 मिलिलिटर सौम्य द्रव साबण घोटून, ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूला फवारा, आणि सात दिवसांनी पुन्हा. फवारण्याआधी उमललेली सगळी फुलं तोडून घ्या, आणि शेवटच्या फवारणीनंतर आठवडाभर आलेली फुलं खाण्यात किंवा तेलात वापरू नका. झाडावर ढालकिडे दिसत असतील तर चार दिवस थांबा. ते आणि त्यांच्या अळ्या मावाच खातात, आणि निंबोळीने त्यांचंही काम बिघडतं.

भुरी म्हणजे पानांवर पिठासारखा पांढरा थर. सुरुवातीची पानं काढून घरच्या कचऱ्यात टाका, खतात नाही. उरलेल्या झाडावर 1 भाग दूध आणि 9 भाग पाणी आठवड्यातून एकदा सकाळच्या उन्हात फवारा. पानांत नागमोडी पांढऱ्या रेषा दिसल्या तर ती नागअळी. पानं तोडली की पुरे, औषध लागत नाही.

तोडणी: दर दोन-तीन दिवसांनी, चुकवायची नाही

पेरणीपासून साधारण दोन महिन्यांनी फुलं सुरू होतात. ऑक्टोबरच्या पेरणीची डिसेंबरच्या मध्यापासून. फूल उमलून आठवडाभर झाडावर राहू दिलं तर झाड बी धरायला लागतं आणि नव्या कळ्या कमी करतं. म्हणून वापरायची असोत वा नसोत, फुलं तोडत राहणं हीच या झाडाची मुख्य मशागत.

वेळ सकाळी नऊ ते अकरा, दव पूर्ण उडाल्यावर. फूल पूर्ण उघडलेलं, पण मधल्या बारीक फुलांचं वर्तुळ अजून घट्ट असावं. देठावर नव्हे, हिरव्या वाटीच्या लगेच खाली नखाने तोडा. बोटं चिकट झाली तर फूल उत्तम आहे. हा चिकटपणा पाण्याने जात नाही, थोडं तेल चोळून मग साबण लावा. ढगाळ दिवशी आणि संध्याकाळी फुलं मिटतात, तेव्हा तोडू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात अवकाळी आणि गारपिटीचा इशारा आला की आदल्या सकाळी सगळी फुलं काढून घ्या. भिजलेलं फूल वाळत नाही, काळवंडतं.

वाळवण

एवढ्या सगळ्यात सर्वांत जास्त माल इथे फुकट जातो. पाकळ्या दोन दिवसांत कुरकुरीत होतात, फूल वाळल्यासारखं वाटतं आणि बरणीत जातं. मधली वाटी मात्र आत ओली असते. आठवड्याभरात बरणीच्या काचेला दव धरतं आणि बुरशी येते.

सुपात किंवा चाळणीवर पांढरं सुती कापड घालून फुलं एकेरी थरात, तोंड खाली करून पसरा. जागा सावलीची, वारा लागणारी, पंखा असेल तर आणखी चांगली. थेट उन्हात नारिंगी रंग फिकट होतो, आणि तोच रंग तेलात उतरवायचा असतो. वर्तमानपत्रावर वाळवू नका, शाई लागते. नागपूरची फेब्रुवारीतली कोरडी हवा या कामाला फार सोयीची. तेव्हा सहा-सात दिवसांत होतं, डिसेंबरात दहा-बारा दिवस धरा.

एक फूल मधोमध मोडून बघा. वाटी कटकन तुटली पाहिजे; वाकली किंवा चिवट लागली तर आणखी दोन दिवस. मग बरणी अर्धी भरून झाकण लावा आणि आठवडाभर रोज काच बघा. ओलाव्याची पुसटशी खूण दिसली की सगळं परत सुपात. हा आठवडा गाळू नका. वाळताना वजन साधारण सहा-सातपट घटतं. 20 ग्रॅम सुक्या फुलांसाठी जातीप्रमाणे शंभरेक फुलं लागतात, म्हणजे चार-सहा कुंड्यांची दोन-तीन आठवड्यांची तोडणी. हवाबंद बरणी अंधाऱ्या कपाटात ठेवली तर माल वर्षभर चांगला राहतो. रंग उडाला आणि वास गेला की बदला.

तेल

प्रमाण 1 ला 10: 20 ग्रॅम सुकी फुलं, 200 मिलिलिटर तेल. फुलं अख्खीच, हिरव्या वाटीसकट, हाताने चुरून घ्या. नुसत्या पाकळ्यांचं तेल रंगाने सुरेख होतं, पण राळ त्यात फारशी उतरत नाही.

तेल लाकडी घाण्याचं तिळाचं चालतं, वास थोडा असतो. खोबरेल 24 अंशांच्या खाली गोठतं, त्यामुळे नागपूरच्या जानेवारीत बरणीत फुलं भिजण्याऐवजी अडकून बसतात. खोबरेलच हवं असेल तर खाली दिलेली उष्णतेची रीत वापरा. जवसाचं तेल आपल्याकडे घरोघरी असतं, पण यासाठी नको. ते फार लवकर खवट होतं.

सावकाश रीत अशी. स्वच्छ आणि पूर्ण कोरड्या काचेच्या बरणीत फुलं घाला, वर तेल ओता. फुलं तेलाखाली बोटभर बुडालेली हवीत. बाहेरून जाड खाकी कागद गुंडाळा आणि खिडकीजवळच्या उबदार जागी चार ते सहा आठवडे ठेवा. रोज एकदा हलवा. वर आलेली फुलं कोरड्या चमच्याने दाबा. हे काम जानेवारी-फेब्रुवारीत करा. एप्रिलच्या उन्हात बरणी गच्चीवर ठेवली तर तेल तापून खवट होतं.

लवकर हवं असेल तर पातेल्यात पाणी अगदी मंद आचेवर ठेवा, त्यात तेल-फुलांचं भांडं बसवा, तेल 45-50 अंशांवर राहील असं बघत तीन-चार तास ठेवा. बोट क्षणभर बुडवता आलं पाहिजे. फुलं तळल्यासारखी तपकिरी झाली तर आच जास्त झाली. पाण्याची वाफ तेलात पडू नये म्हणून वर झाकण नको, कोरडं फडकं टाका.

मलमलच्या फडक्यातून गाळून घट्ट पिळा आणि एक रात्र स्थिर ठेवा. तळाशी पाण्याचे थेंब किंवा गाळ दिसला तर वरचं तेल अलगद दुसऱ्या बाटलीत घ्या, तळचं टाकून द्या. गडद बाटलीत हिवाळ्यात बाहेर, मार्चनंतर फ्रिजमध्ये. वर्षभर टिकतं. जुन्या शेंगदाण्यासारखा वास आला की टाकून द्या.

मलम

100 मिलिलिटर तेलाला 15 ग्रॅम मधमाश्यांचं मेण हिवाळ्यात पुरतं. एप्रिल-मेमध्ये वापरायचं असेल तर 20 ग्रॅम घ्या, नाहीतर 45 अंशांच्या दुपारी डबीत तेलच उरतं. मेण किसून गरम पाण्यावरच्या भांड्यात वितळवा. ते 62 ते 64 अंशांना वितळतं. त्यात तेल ओता, एकजीव झालं की उतरवा. थेंबभर थंड चमच्यावर टाकून दोन मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि बोटाने बघा. फार घट्ट असेल तर चमचाभर तेल, मऊ असेल तर चिमूटभर मेण वाढवा. व्हिटॅमिन ई तेलाचं अर्धा मिलिलिटर घातलं तर खवटपणा लांबतो. कोरड्या डबीत ओता आणि पूर्ण गार झाल्यावरच झाकण लावा. गरम असताना लावलंत तर झाकणाचं पाणी मलमावर पडतं आणि तिथेच बुरशी धरते.

कुठे वापरायचं, कुठे नाही

फुटलेल्या टाचा, कोरडे हात, किरकोळ खरचटणं, उन्हाने लाल झालेली त्वचा, एवढ्यापुरतं मलम. पारंपरिक वापराच्या आधारावर युरोपियन मेडिसिन्स एजन्सी या युरोपीय संघाच्या औषध-नियामक संस्थेनेही त्वचेची किरकोळ जळजळ, लहान जखमा आणि तोंड-घशाची सौम्य जळजळ यांसाठीच कॅलेंडुलाच्या फुलांचा वापर मान्य केला आहे. गुळण्यांसाठी 150 मिलिलिटर उकळत्या पाण्यात 1 ते 2 ग्रॅम सुकी फुलं दहा मिनिटं झाकून, गाळून, कोमट असताना वापरा. उरलेलं ठेवू नका. खोल जखम, भाजणं, पू झालेली जागा आणि मधुमेही माणसाच्या पायाची जखम यांवर घरचं मलम लावू नका, दवाखान्यात जा. हे उन्हापासून बचाव करणारं क्रीम नव्हे.

गाजरगवताने अंगावर पुरळ किंवा खाज येणाऱ्यांनी जास्त जपावं. गाजरगवत, शेवंती, सूर्यफूल आणि कॅलेंडुला एकाच कुळातले, एकाची ॲलर्जी दुसऱ्याला लागू पडू शकते. कुणीही पहिल्यांदा वापरताना कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून 24 ते 48 तास वाट बघा. गरोदरपणात पोटात घेऊ नका. सहा वर्षांखालच्या मुलांना लावण्याआधी डॉक्टरांना विचारा.

स्वयंपाकात फक्त पाकळ्या. हिरवी वाटी कडू असते. पाकळ्यांचा रंग पाण्यापेक्षा तुपात चांगला उतरतो. साखरभातासाठी दोन चमचे तुपात एक चमचा सुक्या पाकळ्या मंद आचेवर दोन मिनिटं परता आणि त्यातच भात घाला. रंग सुरेख येतो, केशराचा स्वाद मात्र त्यातून मिळत नाही. ताज्या पाकळ्या कोशिंबिरीवर आयत्या वेळी टाका. रोपवाटिकेतून फुलांसकट आणलेल्या रोपाची फुलं खाऊ नका. त्याच्यावर काय फवारलं ते ठाऊक नसतं. शेंडे खुडून महिनाभराने आलेली फुलं घ्या.

बियाणं

मार्चच्या पहिल्या आठवड्यात चांगल्या झाडांवरची दोन-तीन ठळक फुलं राखून ठेवा. वाटी तपकिरी झाली आणि बिया बोट लावताच सुटू लागल्या की काढा. उशीर झाला तर गळून पडतात. आठवडाभर सावलीत वाळवून कागदी पुडीत, पुडी घट्ट डब्यात, डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. मे महिन्यात बाहेरच्या कपाटात ठेवलेल्या बियांची उगवण ऑक्टोबरात निम्म्यावर येऊ शकते. दुहेरी फुलांच्या जातीच्या बियांतून काही एकेरी फुलं निघतील. ती काढून टाकू नका, तेलाला तितकीच चालतात. पुडीवर जात आणि वर्ष लिहा, आणि सप्टेंबरच्या शेवटी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा. बारा दिवसांत सहापेक्षा कमी रुजल्या तर पेरणीच्या वेळी कप्प्यात दोनऐवजी तीन बिया टाका.